भट्टारकपीठांच्या ऐतिहासिक नोंदी : स्वरूप, विश्वासार्हता आणि सोलापूरचे कार्य

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, फर्माने, बखरी आणि दप्तरखान्यांतील कागदपत्रे डोळ्यांपुढे येतात. धर्मपीठांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेल्या आणि शतकानुशतके सांभाळलेल्या नोंदींकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. या नोंदी धार्मिक आहेत, म्हणून त्या श्रद्धेच्या कक्षेत येतात आणि इतिहासाच्या कक्षेत येत नाहीत, अशी एक समजूत अभ्यासकांच्या मनात नकळत घर करून असते. दिगंबर जैन परंपरेतील मुनिसंघ आणि त्यांच्यातून पुढे उदयास आलेली भट्टारकपीठे यांच्या नोंदी या समजुतीस छेद देतात. या नोंदींचे प्रकार कोणते, त्यांवर कितपत विसंबता येते, आणि त्या अभ्यासकांच्या हाती येण्यात सोलापूरचा वाटा कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

या नोंदी इतिहास लिहिण्याच्या हेतूने झालेल्या नाहीत. गुरुपरंपरेचा अधिकार सिद्ध करणे, दात्याचे पुण्य नोंदविणे आणि ग्रंथाची शुद्धता सांगणे एवढाच त्यांचा हेतू होता. त्यामुळे एकटी नोंद क्वचितच इतिहास ठरते. दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ती ताडून पाहिली म्हणजेच तिला ऐतिहासिक मूल्य प्राप्त होते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. भट्टारकपीठ म्हणजे काय?

दिगंबर मुनी हा अपरिग्रही व सतत विहार करणारा असतो. त्याला स्वतःचे स्थान नसते, मग ग्रंथभांडार कोठून असणार? मध्ययुगात मात्र ब्रह्मचर्याचे पालन करणारे, परंतु वस्त्र धारण करणारे आणि एका स्थानाशी निगडित असे आचार्य पुढे आले. त्यांना 'भट्टारक' ही संज्ञा रूढ झाली. मूर्तींची प्रतिष्ठा करणे, श्रावकांना व्रते देणे, यात्रासंघ नेणे, शिष्यांना शिकविणे आणि ग्रंथांचे जतन करणे ही त्यांची कामे होत. स्थिर पीठ असल्यामुळे नोंदी साठविण्यास स्थिर जागा लाभली.

महाराष्ट्रात कारंजा, लातूर, कोल्हापूर व नांदणी ही पीठे विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन परंपरांची तीन स्वतंत्र मंदिरे असून त्यांची ग्रंथभांडारे अभ्यासकांना सुपरिचित आहेत. ('बलात्कार' हे येथे गणाचे पारंपरिक नाव आहे. जुन्या कन्नड लेखांतील 'बळगार' या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो. शब्दाच्या आजच्या अर्थाशी त्याचा काहीही संबंध नाही.) विदर्भातील बघेरवाल समाजाचा कारंजाशी, तर मराठवाडा व लगतच्या भागातील सैतवाल समाजाचा लातूरशी निकटचा संबंध राहिला. त्यामुळे पीठाची नोंद ही केवळ गुरूंची नोंद राहत नाही. ती ज्ञातींच्या स्थलांतराची आणि व्यापारी कुटुंबांच्या वाटचालीचीही नोंद होते.

२. नोंदींचे प्रकार

या सामग्रीचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

(अ) पट्टावली : पट्टावर, म्हणजे गादीवर, क्रमाने आलेल्या आचार्यांची ही यादी होय. काही पट्टावल्या केवळ नावे सांगतात. काही मात्र प्रत्येक आचार्याच्या पट्टारोहणाची तिथी, गृहस्थावस्थेतील वर्षे, दीक्षेनंतरची वर्षे, पट्टावरील वर्षे आणि एका आचार्यानंतर दुसरा येईपर्यंत गेलेले 'विरहदिन' इतका तपशील देतात. सरस्वती गच्छाच्या अशा दोन पट्टावल्या हर्नले यांनी १८९१ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, तेव्हा हा प्रकार आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस ठळकपणे आला.

(आ) ग्रंथप्रशस्ती : ग्रंथाच्या अखेरीस ग्रंथकर्ता स्वतःची गुरुपरंपरा, ग्रंथसमाप्तीचे वर्ष व तिथी, स्थळ आणि बहुधा तत्कालीन राजाचे नाव सांगतो. हा ग्रंथकाराचा स्वतःचा शब्द असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

(इ) लेखकप्रशस्ती : येथे 'लेखक' म्हणजे ग्रंथकार नव्हे, तर नक्कल करणारा लेखनिक होय. पोथी केव्हा, कोठे, कोणाच्या राज्यात, कोणत्या भट्टारकाच्या आम्नायात, कोणत्या ज्ञातीच्या व गोत्राच्या कुटुंबाने लिहवून घेतली आणि कोणास दान दिली, हे तो नोंदवितो. दात्याची पत्नी, पुत्र व सुना यांची नावेही पुष्कळदा येतात. जैन परंपरेत शास्त्रदान हे श्रेष्ठ दान मानले गेल्यामुळे हा प्रकार विपुल आहे. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती करवून वाटल्याची प्रसिद्ध परंपरा याच भावनेची द्योतक आहे. राजकीय इतिहासात ज्यांना स्थान मिळत नाही अशा स्त्रियांची नावे या प्रशस्तींतून वाचावयास मिळतात.

(ई) मूर्तिलेख : धातूच्या किंवा पाषाणाच्या मूर्तीच्या पादपीठावर अथवा पाठीवर संवत, तिथी, संघ, गण, गच्छ, भट्टारकाचे नाव आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या कुटुंबाचे नाव कोरलेले असते. लेख लहान, पण प्रतिष्ठेच्या वेळीच कोरलेला, म्हणजे समकालीन असतो.

याखेरीज तीर्थयात्रांची वर्णने, गुरूंची स्तुतिपर गीते व पूजा यांतूनही माहिती मिळते. कारंजाच्या परंपरेतील गंगादास, जिनसागर आदी कवींच्या रचना हे मराठी वाङ्मयाचे जसे धन आहे, तसेच त्या पीठाच्या इतिहासाचेही साधन आहे.

३. प्रशस्तीची कसोटी : सोमदेवाचे उदाहरण

प्रशस्तीवर कितपत विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणाने स्पष्ट होते. सोमदेवसूरीने आपल्या 'यशस्तिलक' या चंपूकाव्याच्या अखेरीस सांगितले आहे की, हा ग्रंथ शके ८८१ (इ.स. ९५९) मध्ये चैत्रातील त्रयोदशीस पूर्ण झाला, त्या वेळी राष्ट्रकूट सम्राट कृष्णराज (तिसरा) दक्षिणेतील राजांना जिंकून मेलपाटी येथे होता, आणि ग्रंथ त्याच्या चालुक्य मांडलिकाच्या प्रदेशात, गंगधारा येथे रचला गेला.

एखाद्या मुनीने काव्याच्या अखेरीस सम्राटाच्या छावणीचे ठिकाण सांगावे, हे प्रथमदर्शनी शोभेचे वाटण्याचा संभव आहे. परंतु कऱ्हाड येथे सापडलेला कृष्णराजाचा ताम्रपट शके ८८० च्या फाल्गुन वद्यातील, म्हणजे मार्च ९५९ मधील असून तो मेलपाटीच्या छावणीतूनच दिलेला आहे. या दोन नोंदींत अवघ्या काही आठवड्यांचे अंतर आहे. ताम्रपट एका शैव तपस्व्याला दिलेल्या दानाचा, तर प्रशस्ती एका जैन मुनीची. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही आणि म्हणूनच त्यांचा मेळ निर्णायक ठरतो.

यापुढील धागा मराठवाड्यात मिळतो. परभणी येथे सापडलेल्या शके ८८८ (इ.स. ९६६) च्या ताम्रपटात चालुक्य मांडलिक अरिकेसरी याने सोमदेवास जिनालयाच्या व्यवस्थेसाठी दिलेल्या गावाची नोंद आहे. त्यामुळे सोमदेवाचे अस्तित्व, काळ व राजाश्रय या तिन्हींस दुजोरा मिळतो. मात्र येथेच एक विसंगतीही पुढे येते. 'यशस्तिलका'त सोमदेवाची गुरुपरंपरा देवसंघाची सांगितली आहे, तर परभणीच्या ताम्रपटात ती गौडसंघाची म्हटली आहे. एकाच व्यक्तीविषयी सात वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन विश्वसनीय नोंदी संघाच्या नावाबाबत एकमत नाहीत. यावरून तिथी, स्थळ व राजा यांविषयी प्रशस्ती भरवशाची असली तरी संघ-गणांची नावे आज वाटतात तितकी ठाम व स्थिर नव्हती, असा सावध निष्कर्ष काढावा लागतो.

४. नोंदी वाचताना येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण नावांची आहे. अनेक पीठांवर गादीवर बसणारा प्रत्येक आचार्य एकच नाव धारण करतो. श्रवणबेळगोळ व मूडबिद्री येथे चारुकीर्ती, कोल्हापूर येथे लक्ष्मीसेन, नांदणी येथे जिनसेन ही नावे परंपरेने चालत आली आहेत. कारंजाच्या बलात्कारगणात धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती अशी नावे आलटून पालटून येतात. त्यामुळे 'भट्टारक देवेंद्रकीर्तीच्या उपदेशाने' एवढ्या उल्लेखावरून काळ ठरविता येत नाही. गुरूचे व शिष्याचे नाव पाहूनच कोणता देवेंद्रकीर्ती हे निश्चित करावे लागते. नामान्ताचा मात्र उपयोग होतो. सेनगणातील नावे बहुधा 'सेन' या पदाने संपतात. बलात्कारगणात कीर्ती, चंद्र, भूषण, नंदी ही पदे आढळतात.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. शक संवतात ७८ मिळविले असता आणि विक्रम संवतातून ५७ वजा केले असता सामान्यतः इसवी सन मिळतो. पण विक्रम संवताचा प्रारंभ उत्तरेत चैत्रात, तर गुजरातेत कार्तिकात होतो. महाराष्ट्रातील हुंबड समाजाची मुळे गुजरातेकडे असल्याने त्यांच्या नोंदीत कोणती पद्धत वापरली आहे हे पाहिल्याशिवाय वर्षाचा निर्णय करता येत नाही. शक, विक्रम व वीरनिर्वाण या तिन्ही गणना एकाच लेखात आल्या, तर लेखनिकाची चूक पकडण्याची संधी मिळते.

तिसरी अडचण पाठाची आहे. वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेच्या प्रशस्तीतील कालनिर्देश हस्तलिखितांत अशुद्ध स्वरूपात आला आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी तो शके ७३८ (इ.स. ८१६) असा लावला; डॉ. ज्योतिप्रसाद जैन यांनी विक्रम संवत ८३८ (इ.स. ७८०) असा लावला. काही अक्षरांच्या वाचनावरून छत्तीस वर्षांचा फरक पडला, आणि त्याबरोबर समकालीन राजा कोण हा प्रश्नही बदलला.

चौथी अडचण वस्तूच्या स्थलांतराची आहे. विक्रम संवत १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेस मुडासा येथे जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करविली. या मूर्ती पुढे देशभरातील जैन मंदिरांत पोहोचल्या. महाराष्ट्रातही त्या आढळतात. अशी मूर्ती एखाद्या गावी दिसली म्हणून ते मंदिर पंधराव्या शतकातील ठरत नाही. लेख खरा, तिथी खरी. तरीही त्यावरून स्थानिक इतिहासाविषयी काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो.

पाचवी अडचण पट्टावलीच्या स्वरूपातच आहे. पट्टावली ही गादीचा अधिकार सांगण्यासाठी रचली जाते. ती प्राचीनतम आचार्यांपासून अखंड असावी, ही अपेक्षाच तिच्या प्रारंभीच्या भागाला संशयास्पद करते. उत्तर मध्ययुगातील आचार्यांविषयी मूर्तिलेखांशी जुळणारी पट्टावली इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांविषयीही दिवसांपर्यंत हिशेब देते, तेव्हा त्या नेमकेपणालाच प्रमाण मानणे धोक्याचे ठरते.

या सर्व अडचणी ध्यानात घेता विश्वासार्हतेचा एक क्रम मांडता येतो : समकालीन मूर्तिलेख, त्यानंतर ग्रंथप्रशस्ती व लेखकप्रशस्ती, त्यानंतर गुरुस्तुतिपर रचना, आणि अखेरीस पट्टावली. पण हा क्रमही यांत्रिकपणे लावता येत नाही. मूर्तिलेख एका दिवसाचे सांगतो. पट्टावली चुकत असली तरी दोन दिवसांना जोडणारा धागा तीच पुरविते.

५. सोलापूरचे कार्य

विखुरलेल्या नोंदी परस्परांशी ताडून पाहण्यासाठी त्या प्रथम एकत्र याव्या लागतात. या कामात सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे.

कर्नाटकातील मूडबिद्री येथे 'धवला', 'जयधवला' व 'महाधवला' या सिद्धान्तग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रती होत्या. शतकानुशतके त्या पूजनीय मानल्या गेल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, वाचन मात्र होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या प्रयत्नांनी आणि समाजाने उभारलेल्या निधीतून त्यांच्या नकला करण्यास प्रारंभ झाला. हे काम सुमारे पंचवीस वर्षे चालले. नकला मठाबाहेर जाऊ नयेत, अशी व्यवस्थापकांची भूमिका होती; तथापि एका नकलकाराने गुप्तपणे केलेली प्रत बाहेर गेली आणि तिच्या वंशातील प्रतींवरूनच डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावती येथून 'षट्खंडागम' व 'धवला' यांचे प्रकाशन सुरू केले. सोळा खंडांच्या या कार्याचा दर्जा पाहिल्यानंतर मूडबिद्रीच्या व्यवस्थापकांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य केले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विश्वास आधी मिळाला नाही. तो काम पाहून मिळाला.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांना एकत्र केले आणि त्यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून 'जैन संस्कृति संरक्षक संघ' ही संस्था उभी केली. प्रारंभी त्यांनी तीस हजार रुपयांची देणगी जाहीर केली आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाख रुपयांची आपली सर्व संपत्ती संस्थेस विश्वस्तनिधी म्हणून दिली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. या संस्थेच्या 'जीवराज जैन ग्रंथमाले'चे संपादन डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी केले. 'तिलोयपण्णत्ति' हा तिचा पहिला ग्रंथ होय. कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलका'वरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये याच मालेतून आला. गुवाहाटीच्या पंडिताने सोमदेवावर लिहिलेला ग्रंथ सोलापूरच्या एका ब्रह्मचाऱ्याच्या देणगीतून छापला गेला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे विद्याधर जोहरापुरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' (१९५८). या हिंदी ग्रंथात मूर्तिलेख, प्रशस्ती व पट्टावल्यांतील उतारे क्रमांकित 'लेखांक' म्हणून मूळ शब्दांत दिले आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक शाखेचा वृत्तांत रचला आहे. आणि शेवटी त्या शाखेचा 'कालपट' मांडला आहे. सेनगण, बलात्कारगणाच्या कारंजा, लातूर, ईडर, सुरत आदी शाखा आणि काष्ठासंघाचे गच्छ अशी त्याची व्यवस्था आहे. या पद्धतीचा लाभ असा की, वाचकाला लेखकाचा निष्कर्ष मान्य नसेल तर तो त्याच पानावर मूळ नोंद पाहून स्वतःचा निर्णय करू शकतो. साधन व निष्कर्ष यांतील सीमारेषा पुसली जात नाही. सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही हा ग्रंथ उपयोगी ठरतो, त्याचे कारण या प्रामाणिक रचनेत आहे.

६. एक तुलना : आयर्लंडमधील फ्रान्सिस्कन मठ

धर्मसमुदायाने इतिहासाची साधने जतन करण्याचे असेच एक उदाहरण आयर्लंडमध्ये आढळते. बेल्जियममधील लूव्हँ येथील आयरिश फ्रान्सिस्कन मठाने १६२६ मध्ये मिहॉल ओ क्लेरी या मठबंधूला संतचरित्रांची जुनी हस्तलिखिते उतरवून घेण्यासाठी मायदेशी पाठविले. डोनेगॉल येथील मूळ मठ उद्ध्वस्त झाला होता. त्याच्या विस्थापित समुदायाच्या आश्रयाने ओ क्लेरी व त्याच्या सहकाऱ्यांनी १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा वर्षवार इतिहास संकलित केला. 'चार पंडितांची वार्षिके' या नावाने तो प्रसिद्ध आहे. कोणकोणत्या जुन्या पोथ्या वापरल्या, हे त्याने आरंभीच नमूद केले आहे. लूव्हँच्या मठातील हस्तलिखिते फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात रोमला गेली, १८७२ मध्ये डब्लिनला आली आणि २००० मध्ये फ्रान्सिस्कन संघाशी झालेल्या सहकार्यातून डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभिलेखागारात सुरक्षित ठेवण्यात आली.

दोन्ही परंपरांतील फरक स्पष्ट आहे. ओ क्लेरीने नोंदी गोळा करून स्वतः इतिहास रचला. भट्टारकपीठांनी नोंदी राखल्या आणि त्या जुळविण्याचे काम विसाव्या शतकातील संशोधकांवर सोपविले गेले. साम्य मात्र अधिक बोधप्रद आहे. दोन्हीकडे नोंदी टिकल्या त्या त्यांना पवित्र मानणाऱ्या समुदायामुळे, आणि त्या सर्वांच्या उपयोगी पडल्या त्या समुदाय व विद्यापीठीय अभ्यासक यांच्यातील विश्वासामुळे.

७. जतनाचा प्रश्न

जैन परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही 'श्रुतपंचमी' म्हणून पाळली जाते. या दिवशी पोथ्या बाहेर काढून स्वच्छ करणे, वेष्टने बदलणे व त्यांची पूजा करणे अशी रीत आहे. धार्मिक विधीच्या रूपाने हे वार्षिक जतनकार्यच होय. उलट मूर्तिलेखांच्या बाबतीत पूजाच नोंदीला झिजविते. नित्याच्या अभिषेकाने व धातूच्या मूर्ती घासून उजळण्याने पादपीठावरील अक्षरे पुसट होत जातात. जीर्णोद्धारात जुन्या शिळा हलतात. पीठावर उत्तराधिकारी न राहिल्यास पोथ्यांचे वारसदार कोण, हा प्रश्नही उभा राहतो. हानी कोणाच्या द्वेषाने होत नाही. ती श्रद्धेच्या नित्य व्यवहारातच होते, म्हणून सहसा ध्यानात येत नाही.

रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तीत कारंजाच्या भांडारांची नोंद आली आणि त्यानंतरच तेथील अपभ्रंश ग्रंथांचे संपादन वेगाने सुरू झाले. सूची आली की अभ्यास येतो, हा त्यातील धडा होय. २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'ज्ञान भारतम्' उपक्रमाने हस्तलिखितांकडे देशपातळीवर लक्ष वेधले आहे. परंतु मूर्तीच्या पादपीठावरील दोन ओळी कोणत्याही हस्तलिखित-सूचीत येत नाहीत. त्या त्या गावच्या महाविद्यालयातील इतिहास, मराठी व संस्कृत विभागांनी मंदिर व्यवस्थापनाच्या संमतीने ठसे व छायाचित्रे घेऊन मूळ शब्दांत उतारे नोंदविले, तर हे काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. त्यासाठी जोहरापुरकरांच्या लेखांकांचा नमुना उपलब्ध आहे.

समारोप

भट्टारकपीठांच्या नोंदी श्रद्धेतून जन्मल्या, म्हणून त्या त्याज्य ठरत नाहीत. आणि पूज्य आहेत, म्हणून त्या प्रमाणही ठरत नाहीत. सोमदेवाच्या प्रशस्तीला कऱ्हाड व परभणीच्या ताम्रपटांनी बळ दिले आणि तिची मर्यादाही दाखविली. पापडीवालांच्या मूर्तींनी खरी नोंदही दिशाभूल करू शकते हे शिकविले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांनी दर्शन व वाचन यांतील अंतर दाखविले, आणि ते अंतर कमी करण्यात सोलापूरच्या दोन पिढ्यांनी आपले धन वेचले. ग्रंथांच्या बाबतीत झालेले हे कार्य मूर्तिलेखांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. पोथीची नक्कल करता येते. झिजलेल्या अक्षराची मात्र नक्कल करता येत नाही. म्हणून अक्षरे वाचता येत आहेत तोवरच ती उतरवून घेणे, हे या क्षेत्रातील अभ्यासकांचे पहिले कर्तव्य ठरते.